घरी बिअर बनवण्यासाठी उष्णता झेलणारा लोखंडी स्टँड

५० लिटरच्या पातेल्यात ४० लिटर माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) पाणी भरलं की पातेलं आणि बर्नर धरून वजन ५५ किलोच्या आसपास जातं. हे ओझं तासभर उकळत राहतं. ते कलंडलं तर जवळ उभा असलेला माणूस गंभीर भाजतो. म्हणून स्टँड दिसायला साधा असला तरी चालेल, डुगडुगता चालणार नाही.

पुढची मापं साधारण ४० सें.मी. व्यासाच्या पातेल्यासाठी आहेत. वरच्या चौकटीला ४०×४०×५ मि.मी.चा अँगल (L आकाराची लोखंडी पट्टी), ४५० मि.मी.चे चार तुकडे, टोकं ४५ अंशांत कापलेली. पायांना ४०×४०×२ मि.मी.चा चौकोनी पाइप, ४५० मि.मी.चे चार. आडव्या जोडांना त्याच पाइपचे ३७० मि.मी.चे चार. पातेल्याखाली २५×६ मि.मी.च्या दोन पट्ट्या. उंची यापेक्षा वाढवायचा मोह टाळा. पातेलं जितकं वर, तितकं ते कलंडायला सोपं.

लोखंड साधंच घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्डिंगला अजिबात नको. जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. ॲल्युमिनियमही नको, ते वितळण्याच्या कितीतरी आधीच ताकद सोडतं.

आधी चौकट सपाट जागेवर मांडा. अँगलची एक बाजू आत आडवी, दुसरी बाहेरच्या कडेला उभी राहू द्या. चारही कोपऱ्यांना फक्त टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा आणि दोन्ही कर्ण मोजा. ते ६३६ मि.मी.च्या जवळपास आले पाहिजेत. दोघांत २ मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर टाका तोडून पुन्हा बसवा. पूर्ण वेल्डिंग समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून पालटून करा. एकाच बाजूने करत गेलात तर निवताना ती बाजू आकसते आणि चौकट पिळते. पाय गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून जोडा, आडवे पाइप जमिनीपासून १०० मि.मी.वर. पायांची तोंडं पत्र्याने बंद केलीत तर प्रत्येक पाइपला ३ मि.मी.चं भोक पाडा, नाहीतर आतली तापलेली हवा आणि वाफ कोंडून दाब वाढतो.

खरी मेख आडव्या पट्ट्यांत आहे. चौकटीच्या आत ४४० मि.मी. जागा मिळते, पट्ट्या ४३७ मि.मी.च्या कापा. ज्वाला दोन्ही पट्ट्यांच्या मधून वर येईल अशा बेताने त्या कडेवर उभ्या ठेवा आणि एकाच टोकाला वेल्ड करा. दुसरं टोक दोन छोट्या तुकड्यांमध्ये मोकळं बसू द्या. तापमान ३०० अंश सेल्सिअसने वाढलं तर ही पट्टी दीड मि.मी.हून जास्त लांबते. दोन्ही टोकं जखडलेली असतील तर ती धनुष्यासारखी वाकते किंवा सांध्याला चीर पडते.

बर्नर खालच्या पाइपांवर आधार देऊन बसवा, त्याचं तोंड आणि पातेल्याचं बूड यांत ८ ते १२ सें.मी. अंतर ठेवून. ज्वाला पिवळी होऊन बुडाला काजळी धरली तर हवा कमी पडते आहे. गॅसची नळी ज्वालेखालून नेऊ नका, बाजूने काढा. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा.

रंग सिलिकॉनचा, ६०० अंश झेलणारा. साधा ऑइल पेंट पहिल्याच उकळीला जळून सुटतो. आधी गंज आणि तेल काढा, मग दोन पातळ हात द्या. डब्यावर सांगितल्याप्रमाणे वाळल्यावर स्टँड बाहेर नेऊन बर्नर मंद ठेवून तापवा, निववा, पुन्हा थोडा जास्त तापवा. या वेळी धूर आणि वास येतो. तसा तो यायचाच.

पहिली चाचणी थंड पाण्याने करा. स्टँड काँक्रीटवर ठेवा, पाणसळ लावा, पातेलं काठोकाठ भरा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. मग स्टँड हाताने हलवून पाहा. पाय पसरत असतील किंवा सांधा कुरकुरत असेल तर पाणी काढा आणि तिथे तिरका टेकू वेल्ड करा. गॅस पेटवायचा तो मोकळ्या हवेतच: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.