मर्त्सिशोर दोऱ्याचा पीळ का सुटतो? रोमानियन मुलांच्या वसंत कार्यशाळेत या चुका टाळा

माझी वहिनी सुचावाची. सुचावा म्हणजे रोमानियाचा ईशान्य कोपरा, बुकोविना. ती आणि दादा म्युनिकजवळ राहतात, मीही त्याच गावात. दर वर्षी फेब्रुवारीअखेर ते एप्रिल ती आणि तिच्या मैत्रिणी इथल्या रोमानियन बोलणाऱ्या मुलांसाठी शनिवारी कार्यशाळा घेतात. त्याच भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी आमची मराठी शाळा भरते. त्यामुळे कात्र्या, डिंकाच्या बाटल्या आणि चुका, तिन्ही सामायिक. चार वर्षं शनिवारीही हाताखाली जाते, म्हणून हे लिहायचं धाडस.

हात चालू, रोमानियन बंद

सगळ्यात मोठी चूक हीच आणि ती फोटोत दिसत नाही. पहिल्या वर्षी कागदाचे ‘ग्योचेल’ केले. ग्योचेल म्हणजे बर्फातून डोकं वर काढणारं पांढरं फूल, तिकडचा वसंताचा पहिला निरोप्या. फुलं देखणी झाली, आईबाबा खूश. पण दोन तासांत मुलं रोमानियनमध्ये दहा शब्दसुद्धा बोलली नव्हती. कात्री जर्मनमध्ये मागायची, भांडण जर्मनमध्ये करायचं आणि ताईंना फक्त मान डोलावून ‘हो’ म्हणायचं.

दोष मुलांचा नव्हता. प्रत्येकापुढे स्वतंत्र कात्री, स्वतंत्र डिंक, कापून ठेवलेला कागद. मग बोलायचं कशाला? दुसऱ्या वर्षी वहिनीने दर टेबलाला एकच कात्री ठेवली. ‘दमि फ्वार्फेका’, म्हणजे ‘मला कात्री दे’, असं म्हटल्याशिवाय कात्री हलत नाही, एवढाच नियम. व्याकरण चुकलं तर कोणी सुधारायचं नाही. सुधारणारे पालक हा वेगळाच उपद्रव. त्यांना चहाच्या टेबलाकडे पाठवावं.

पीळच बसत नाही तेव्हा

1 मार्चचा मर्त्सिशोर म्हणजे लाल-पांढरा पिळाचा दोरा, त्याला एखादं छोटं पदक किंवा मणी. नावाचा अर्थ ‘छोटा मार्च’. रोमानिया, मोल्दोवा, बल्गेरिया आणि उत्तर मॅसेडोनिया यांच्या या प्रथेला 2017 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. मराठी पाहुणे दोरा पाहिला की लगेच ‘म्हणजे यांची राखी!’ म्हणतात. तसं नाही. यात भाऊ-बहीण नाहीत, रक्षणाचं वचन नाही. वसंत आला म्हणून दिलेली ती भेट आहे.

दोरा करायला सोपा दिसतो आणि तिथेच फसगत होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे न जळताच जातो. आमच्याकडे समोरासमोर बसलेल्या दोन मुली दहा मिनिटं दोरा पिळत होत्या आणि तो होता तसाच. नीट पाहिलं तेव्हा कळलं: एक दुसरीचं बघून करत होती, आरशातल्यासारखं. पहिली स्वतःच्या उजवीकडे फिरवतेय, दुसरी स्वतःच्या डावीकडे. म्हणजे दोघींचा दोरा एकाच दिशेला गोल फिरत होता. पीळ पडणार कुठून?

उपाय असा. लाल आणि पांढरा, दोन्ही सुती धागे साधारण साठ सेंटीमीटर. टोकं एकत्र गाठून दोघांनी दोन बाजूंनी धरायची आणि दोघांनीही आपापल्या उजवीकडे फिरवायचं. ‘ला द्र्याप्ता!’ असं ओरडत फिरवलं की उजवी बाजूही पाठ होते. जरा सैल सोडल्यावर दोरा आपोआप वेटोळं घालू लागला की पीळ पुरे. मग तिसऱ्याने मधोमध बोट धरायचं, दोन्ही टोकं जवळ आणायची आणि बोट काढायचं. दोरा स्वतःच उलट वळतो. मनगटाला पुरेल इतका दोरा तयार होतो, टोकाला गाठ मारून टाका. तीन मुलांचं काम असल्यामुळे ‘त्सिने’ (धर), ‘त्राजे’ (ओढ), ‘नोद’ (गाठ) हे शब्द वापरल्याशिवाय सुटका नाही.

फुगीर लोकर घेऊ नका, पीळ धरत नाही. तीन वर्षांखालची भावंडं सोबत येत असतील तर मणी बाजूला ठेवा.

आणि मुलग्यांना वगळू नका. बुखारेस्टकडे पुरुषांनी बायका-मुलींना मर्त्सिशोर द्यायचा रिवाज. वहिनीच्या भागात आणि मोल्दोवात मुलगेही बांधतात. एका आईने मुलाला ‘हे मुलींचं असतं’ म्हणून दोरा काढायला लावला, तेव्हा शेजारच्या, मोल्दोवातल्या किशिनावच्या बाईंनी नवऱ्याचं मनगट पुढे केलं. त्यावरून आठवलं: भिंतीवर फक्त रोमानियाचा नकाशा टांगणं हीसुद्धा चूकच. रोमानियन बोलणारी निम्मी मुलं मोल्दोवाची असू शकतात.

9 मार्चचा खाऊ

चाळीस हुतात्म्यांच्या दिवशी ‘मुचेनिच’ करतात, इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराचे. रोमानियातल्याच मोल्दोवा प्रांताकडे (देश वेगळा, नाव तेच) ते भाजतात, वर मध आणि अक्रोड. दक्षिणेकडे छोटे आठ करून गोड, दालचिनी घातलेल्या पाण्यात उकळतात, त्यातही अक्रोड. खरा मुचेनिच कोणता, हा वाद पालकांत पेटतो. पुरणपोळी गुळाची की साखरेची, तसाच. दोन्ही करा. पण अक्रोड वेगळ्या वाटीत ठेवा आणि ॲलर्जीचं नाव नोंदवतानाच विचारा. आम्ही एकदा विचारायला विसरलो. सुदैवाने त्या मुलीलाच ठाऊक होतं आणि तिने स्वतः नको म्हटलं.

अंडी रंगवायची तारीख

कार्यशाळेची तारीख जर्मन शाळेच्या ईस्टर सुट्टीवरून ठरवणं ही दरवर्षी नव्याने होणारी चूक. रोमानियन ऑर्थोडॉक्स ईस्टर बहुतेक वेळा वेगळ्या रविवारी येतो. 2025 मध्ये दोन्ही 20 एप्रिललाच आले, म्हणून सगळे गाफील झाले. 2026 मध्ये जर्मन 5 एप्रिलला, ऑर्थोडॉक्स 12 ला. 2027 मध्ये तर 28 मार्च आणि 2 मे, पाच आठवड्यांचं अंतर. घरोघरी लाल अंडी ईस्टरआधीच्या गुरुवारी रंगवतात. मार्चअखेर, ईस्टरआधीच्या ऐन उपवासात, मुलांच्या हाती उकडलेली अंडी दिली की उपास पाळणाऱ्या आज्या व्हिडिओ कॉलवर काय म्हणतात, ते मी ऐकलंय. कार्यशाळा आधी घ्यायचीच असेल तर आतलं काढलेली रिकामी अंडी घ्या.

बुकोविनाची नक्षी ‘किशित्सा’ने काढतात. काडीला बारीक धातूची नळी, तिच्यातून वितळलेलं मेण. फिकट रंगापासून गडदाकडे जायचं आणि शेवटी अंडं ऊब देऊन मेण पुसायचं. पाहायला सुंदर, पण सहा वर्षांच्या मुलाच्या हातात गरम मेण देऊ नये. वहिनीसुद्धा हे स्वतः करून दाखवते, मुलांना देत नाही.

लहानांसाठी कांद्याची सालं. अंड्यावर ओलं पान ठेवायचं, जुन्या पातळ मोज्यात आवळून बांधायचं आणि सालांच्या पाण्यात उकळायचं. नक्षी पसरट आली तर मोजा सैल होता. रंग डागाळला तर अंड्यावर तेलकट हात लागलेले, आधी व्हिनेगरच्या पाण्याने पुसा. तडकलं तर फ्रिजमधून थेट गरम पाण्यात गेलं. पान उठून दिसायला पांढऱ्या कवचाची अंडी हवीत, ती आधीच आणून ठेवा.

दोन किरकोळ गोष्टी

छापील कागदावर एस आणि टी यांच्या खालची छोटी स्वल्पविरामासारखी खूण गाळू नका. ती गेली की ‘पेश्ते’ म्हणजे मासा, त्याचा ‘पेस्ते’ म्हणजे ‘वरून’ होतो. आमच्या चित्रकोड्यात माशाखाली ‘वरून’ छापून आलं होतं. नावांच्या पट्ट्यांवर तर ती खूण हवीच. मुलं स्वतःचं नाव बरोबर ओळखतात.

ऑनलाइन शनिवार असेल तर वेळ कुठल्या देशाची ते लिहा. रोमानिया जर्मनीच्या एक तास पुढे, ब्रिटन एक तास मागे. मार्चच्या शेवटच्या रविवारी ही तिन्ही घड्याळं एकदमच सरकतात, पण अमेरिकेतल्या मामाचं दोन-तीन आठवडे आधीच सरकलेलं असतं आणि पुण्याच्या आजीचं सरकतच नाही.

दोरा झाडाला बांधताना

मार्चअखेर मर्त्सिशोर मनगटावरून काढून बहरलेल्या झाडाच्या फांदीला बांधतात. पहिल्या वर्षी मुलांनी हॉलमागच्या कोवळ्या चेरीला घट्ट गाठी मारल्या आणि हॉलवाल्याने जूनमध्ये आम्हाला बोलावून फांदीवरचे वळ दाखवले. धाग्यांतले निम्मे नायलॉनचे होते, जसेच्या तसे. आता सुती दोरा, बोट जाईल इतका सैल आणि हॉलवाल्याला आधी विचारून. यंदा माझ्या भाच्याने आपला दोरा त्या चेरीला न बांधता आमच्या खिडकीतल्या कढीपत्त्याला बांधला. कढीपत्त्याला बहर नाही म्हटलं, तर म्हणाला, ‘‘आत्या, पण बाहेर थंडी आहे.’’