शेल स्क्रिप्टमध्ये ‘शनिवार पेठ’चे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून

गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या पेठेनुसार लावायच्या म्हटल्या की फोल्डरची नावं ‘शनिवार पेठ’, ‘नारायण पेठ’, ‘सदाशिव पेठ’ अशीच पडणार. हिशेब बघणाऱ्या काकांना मध्ये अंडरस्कोअर टाकायला लावणारे कॉम्प्युटरवाले पुण्यात भरपूर आहेत. मला ते पटत नाही. लिनक्सला नावात तिरपी रेघ आणि शून्य बाइट एवढ्या दोनच गोष्टी चालत नाहीत; स्पेस बिनदिक्कत चालते. सांभाळायचं ते स्क्रिप्ट (शेलनं, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामनं, एकामागून एक चालवायच्या कमांडची फाइल) लिहिणाऱ्यानं.

(कमांड इथे नागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करा.)

आधी घोळ डोळ्यांनी बघा. रिकाम्या फोल्डरमध्ये ‘शनिवार पेठ’ नावाची फाइल बनवा. एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ‘एलएस $1’ एवढंच लिहा (एलएस ही फाइली दाखवणारी कमांड, $1 म्हणजे स्क्रिप्टला दिलेलं पहिलं नाव) आणि फाइलचं नाव डबल कोटमध्ये देऊन ती स्क्रिप्ट बॅश या शेलनं चालवा. ‘शनिवार’ सापडत नाही आणि ‘पेठ’ही सापडत नाही, अशा दोन तक्रारी येतील. नाव आत एकसंधच पोचलं होतं. पण कोटाबाहेरच्या $1 ची किंमत शेल स्पेस, टॅब आणि नवी ओळ यांवर तोडतं. हे कुठे तोडायचं ते आयएफएस नावाच्या व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवून ठेवणाऱ्या नावात) ठरलेलं असतं.

आता तीच ओळ अशी करा:

एलएस -- "$1"

फाइल दिसेल. मधल्या दोन आडव्या रेघा उणे चिन्हानं सुरू होणाऱ्या नावांसाठी आहेत, नाहीतर कमांड त्या नावालाच ऑप्शन समजते.

एलएसनं नुसती तक्रार केली, डिलीट करणारी आरएम ही कमांड -एफ लावल्यावर तेवढीही करत नाही. समजा ‘शनिवार पेठ जुने’ हे फोल्डर उडवायचंय आणि शेजारीच ‘जुने’ नावाचं वेगळं फोल्डर आहे, त्यात मागच्या वर्षांचे हिशेब. स्क्रिप्टमध्ये कोटाशिवाय ‘आरएम -आरएफ $1’ असेल तर ‘शनिवार’ आणि ‘पेठ’ सापडत नाहीत, -एफमुळे त्याबद्दल चकार शब्द निघत नाही, आणि ‘जुने’ साफ होतं. जे उडवायचं होतं ते मात्र जागच्या जागी! म्हणून डिलीट करणाऱ्या ओळीत आधी आरएमच्या जागी एलएस -डी घालून चालवून बघा.

पुढचं लूप. एलएसचं आउटपुट फॉर लूपला (तेच काम एकेका नावावर करणाऱ्या ओळींना) देऊ नका, तिथे नाव पुन्हा तुटतं. फॉरला सरळ ./* द्या; ताऱ्याच्या जागी शेल इथल्या फाइलींची नावं भरतं. ताऱ्यातून आलेली नावं शेल परत तोडत नाही. लूपच्या आत व्हेरिएबल वापरताना कोट हवेतच. फोल्डरचं नाव व्हेरिएबलमध्ये असेल तर कोट नावापुरते आणि तारा बाहेर: "$1"/*. तारा कोटात अडकला की तो नुसतं एक अक्षर उरतो.

स्क्रिप्टला आलेल्या सगळ्या फाइली पुढे द्यायच्या तर "$@" लिहा. "$*" सगळी नावं एकत्र चिकटवून एकच लांबलचक नाव करतं, ते इथे कामाचं नाही.

आतल्या फोल्डरांतही शोधायचं असेल तर फाइंड ही कमांड. त्याचं आउटपुट एक्सआर्ग्जला (आलेली नावं दुसऱ्या कमांडकडे देणाऱ्या कमांडला) देताना फाइंडला -प्रिंट0 आणि एक्सआर्ग्जला -0, ही जोडी एकत्रच वापरा. मग नावांच्या मध्ये शून्य बाइट येतो, आणि तो कुठल्याच नावात असू शकत नाही. मला फाइंडचंच -एक्झेक (सापडलेल्या नावांवर थेट कमांड चालवणारा ऑप्शन) जास्त आवडतं, शेवटी {} + लावून; एकीचं आउटपुट दुसरीला जोडणाऱ्या पाइपची भानगडच नको.

मॅकवाल्यांसाठी एक गोष्ट. 2019 च्या कॅटालिनापासून मॅकवर झेडशेल हे डिफॉल्ट आहे आणि ते कोटाशिवायचं व्हेरिएबल आपणहून तोडत नाही. त्यामुळे टर्मिनलवर ठीक चाललेली ओळ बॅश स्क्रिप्टमध्ये गेल्यावर फसते. तपासणी स्क्रिप्ट ज्या शेलमध्ये चालणार त्याच शेलमध्ये करा, आणि शेलचेक हे मोफत साधन एकदा फिरवा. कोट राहिलेल्या जागा ते ओळ नंबरासकट दाखवतं.