हायब्रीड गाडी घेताय? टेप आणि घरची माणसं सोबत न्या

हायब्रीड गाडीची, म्हणजे इंजिनसोबत बॅटरीवरची विजेची मोटर असलेल्या गाडीची, चौकशी बहुतेक घरांत मायलेजपासून सुरू होते आणि तिथेच संपते. पण इंदूरहून पुण्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस त्याच सीटवर काढायचा असतो. त्यामुळे दोन हायब्रीड गाड्यांत निवड करताना आतली जागा स्वतः मोजली पाहिजे. माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून मांडीला आधार मिळतो की नाही ते कळत नाही.

आधी एकच प्रश्न विचारा: बॅटरी कुठे आहे? सीएनजीची टाकी बसली की डिकीचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. हायब्रीडची बॅटरी त्याहून लहान असते, पण तिलाही जागा लागतेच. होंडा सिटीच्या साध्या पेट्रोल गाडीची डिकी ५०६ लिटरची आहे, हायब्रीडची ३०६. मारुती ग्रँड व्हिटारात माइल्ड हायब्रीडला (मोटर इंजिनला फक्त हातभार लावते) ३७३ लिटर मिळतात, स्ट्राँग हायब्रीडला (गाडी काही वेळ नुसत्या मोटरवरही चालते) २६५. टोयोटा हायक्रॉसमध्ये बॅटरी डिकीत नाही. तिसरी रांग उभी असताना ३०० लिटर आणि दुमडल्यावर ९९१ लिटर जागा मिळते. मारुतीच्या माइल्ड हायब्रीड गाड्यांत छोटी बॅटरी पुढच्या सीटखाली असते, म्हणून डिकी शाबूत राहते. मात्र मागे बसणाऱ्याने त्या सीटखाली पाय सरकवून पाहावेत. पंजा आत जात नसेल तर गुडघ्यापुढे जागा असूनही पाय आखडतात.

लिटरच्या आकड्यावर थांबू नका, कारण त्यातून डिकीचा आकार कळत नाही. घरची सगळ्यात मोठी ट्रॉली बॅग आणि सोबत नेहमी जाणारी अडचणीची वस्तू, मग ती हार्मोनियमची पेटी असो की दुमडणारी व्हीलचेअर, शोरूमला घेऊन जा. बॅटरीमुळे डिकीचा तळ वर आलेला असेल तर बॅग आडवी मावते, उभी मावत नाही. टेपने तीन मापं घ्या: तळापासून पार्सल ट्रेपर्यंतची (डिकी झाकणाऱ्या फळीपर्यंतची) उंची, दोन्ही चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी आणि डिकीच्या काठाची जमिनीपासूनची उंची. काठ फार उंच असेल तर जड बॅग चढवताना कंबर बोलते. मागची सीट दुमडून तळ सपाट होतो की मध्ये पायरी राहते तेही बघा. स्टेपनी कुठे आहे हे विचाराच, कारण काही गाड्यांत ती काढायला आधी सगळं सामान रस्त्यावर ठेवावं लागतं.

आता बसण्याकडे वळू. शोरूममधल्या गाडीची पुढची सीट बऱ्याचदा पुढे सरकवलेली असते, म्हणून मागे ऐसपैस वाटतं. घरात जो सगळ्यात उंच चालवणारा असेल त्याच्या मापाने ती आधी लावा. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही त्याचा गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. मग त्याच्याच मागे बसा. गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांत चार बोटं तरी जागा हवी, वीतभर असेल तर उत्तम. डोक्यावरही चार बोटं हवीत. मोठं सनरूफ असेल तर हे माप हमखास घ्या, कारण त्याच्या चौकटीने छत खाली येतं.

यापेक्षा महत्त्वाची मांडी. सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांचं अंतर बरोबर. पायाखालचा तळ उंच आणि सीट बुटकी असली की गुडघे वर येतात, मांडी सीटवरून उचलली जाते आणि सगळा भार बैठकीवर पडतो. पहिल्या दहा मिनिटांत हे जाणवत नाही; इंदूरजवळचं महू ओलांडून पुढे गेल्यावर पाय अवघडायला लागतात. म्हणून प्रत्येक सीटवर निदान वीस मिनिटं बसा. शोरूममध्ये मऊ लागणारा फोम लांबच्या प्रवासात दबतो. मुठीने सीटच्या मध्यावर जोर द्या. खालची चौकट हाताला लागली तर ती सीट लांबच्या प्रवासाची नाही.

आजी-आजोबांना सोबत न्याच. बसताना ना खाली कोसळायला हवं, ना वर चढायला. साधी खुर्ची साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. गुडघे दुखणाऱ्यांना त्याहून थोडी उंच बैठक सोपी जाते. सेडान खाली असते, उठताना गुडघ्यांवर जोर येतो. दाराचा उंबरा रुंद असेल तर साडीचे काठ घासतात आणि पाय बाहेर टाकताना तोल जातो. हे आजींनी दोनदा चढून-उतरून दाखवलं की लगेच कळतं.

सात सीटच्या गाडीत आधी मधल्या रांगेतल्या माणसाला आरामात बसवा, मगच तिसऱ्या रांगेत जा. उलट केलं तर तिसऱ्या रांगेची जागा फसवी दिसते. पाच सीटच्या गाडीत तिघांना मागे बसवून खांदे एकमेकांवर चढतात का ते पाहा.

चाचणीला फक्त इंदूरच्या सुपर कॉरिडॉरसारख्या रुंद रस्त्यावर जाऊ नका, तिथे कुठलीही गाडी मखमली वाटते. राजवाड्याच्या गर्दीत न्या. शक्य झालं तर खंडवा रस्त्यावर सिमरोलच्या पुढच्या घाटात न्या. वळणावर सीटची कड अंगाला धरते की अंग घसरतं ते तिथेच समजतं. मे महिन्यातल्या उकाड्यात आणखी एक तपासा. स्ट्राँग हायब्रीडचा एसी विजेवर चालतो, इंजिन बंद असलं तरी गारवा टिकतो. बऱ्याच माइल्ड हायब्रीडमध्ये तो इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद झालं की मागच्या झरोक्यातून कोमट हवा येते. पलासियाच्या सिग्नलला हात धरून बघा.

गाडी घरी आली की लगेच जाड सीट कव्हर चढवायची घाई करू नका. पंख्याने गार होणाऱ्या बॅटरीला केबिनमधून हवा घेणारी जाळी असते, बहुधा मागच्या सीटच्या कडेला किंवा खाली. कव्हर, चादर किंवा पिशवीने ती झाकली गेली की बॅटरी तापते आणि पंखा घोंघावायला लागतो. जाळी नेमकी कुठे आहे ते डिलिव्हरीच्या वेळीच दाखवायला सांगा. धुळीने भरली तर सर्व्हिसला साफ करून घ्या. सीटमध्ये साइड एअरबॅग असतील तर त्या बाजूने फाटणारी शिवण असलेलंच कव्हर घ्या, नाहीतर एअरबॅग वेळेवर उघडत नाही. आतून हवा सोडणाऱ्या (व्हेंटिलेटेड) सीटवर रेक्झिनचं कव्हर घातलं तर त्या हवेसाठी मोजलेले पैसे वाया जातात.