जेआरएफ मिळाली: पैसे खात्यात येईपर्यंत आणि त्यानंतर

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या निकालात नावापुढे जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) दिसलं की पुढच्या महिन्यापासून ३७,००० रुपये सुरू होणार, असं घरचे सगळे धरून चालतात. तसं होत नाही. निकालाने फेलोशिपचा हक्क मिळतो. पैसे सुरू होतात ते पूर्णवेळ पीएच.डी.ला प्रवेश घेऊन जॉइनिंग रिपोर्ट (रुजू झाल्याचा अहवाल) दिल्यावर. यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) अवॉर्ड लेटर तीन वर्षं चालतं, तेवढ्यात प्रवेश झाला पाहिजे. पीएच.डी. आधीच सुरू असेल, तर निकालाची तारीख आणि रुजू झाल्याची तारीख यांपैकी जी नंतरची, तिथून फेलोशिप मोजतात. त्याआधीच्या महिन्यांचे पैसे मिळत नाहीत.

रक्कम नीट समजून घ्या. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० (जेआरएफ) आणि पुढे महिना ४२,००० (एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ संशोधन फेलोशिप) असा दर आहे. एकूण मुदत पाच वर्षं. पाचही वर्षं पूर्ण घेतली तर मूळ फेलोशिप २४ लाख होते. शिवाय घरभाडं (एचआरए) आणि कंटिंजन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाची रक्कम, वेगळी.

पहिला हप्ता यायला तीन-चार महिने सहज जातात, कधी त्याहून जास्त. थकबाकी एकदम मिळते, पण तोवर खोलीचं डिपॉझिट, मेस आणि प्रवेशाची फी खिशातूनच जाते. म्हणून सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच शहर बदलावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घरी एवढी रक्कम उभी राहत नाही, त्यांनी प्रवेश मिळताच वसतिगृहासाठी अर्ज करावा. पहिलं वर्ष तरून जायला त्याइतकी मदत दुसऱ्या कशाची होत नाही.

उशीर बहुतेक वेळा कागदात होतो. जॉइनिंग रिपोर्टवर गाइडची सही, मग विभागप्रमुखांची, मग तो विद्यापीठाच्या फेलोशिप विभागात. तिथे एक कर्मचारी तुमची माहिती फेलोशिपच्या पोर्टलवर भरतो, त्याला मेकर म्हणतात. दुसरा ती तपासून पुढे पाठवतो, तो चेकर. दर महिन्याला हा विद्यार्थी हजर आहे, असं या दोघांनी पोर्टलवर नोंदवलं तरच त्या महिन्याचे पैसे निघतात. कोणी रजेवर असेल किंवा विभागातून हजेरीचं पत्रच पोचलं नसेल, तर महिना अडकतो. विभागाचं पत्र दर महिन्याला कोणत्या तारखेपर्यंत लागतं, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या आणि त्याच्या दोन-तीन दिवस आधी स्वतः चौकशी करा.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. लग्नानंतर काही कागदांवर नाव बदललेलं, काहींवर जुनंच. अवॉर्ड लेटर, आधार आणि पासबुक यांवरचं नाव सारखं आहे का, हे जॉइनिंग रिपोर्ट देण्याआधीच पाहा. पैसे आधारमार्फत येत असतील, तर ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मध्यंतरी दुसऱ्या बँकेत खातं उघडून आधार जोडलं असेल, तर रक्कम तिकडे जमा होते आणि तुम्ही इकडचं पासबुक छापत बसता. शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं जुनं ‘छोटं खातं’ असेल, तर बँकेत जाऊन पूर्ण केवायसी करून घ्या. अशा खात्यात वर्षाला एक लाखापेक्षा जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही.

विद्यापीठाचं वसतिगृह मिळालं तर एचआरए मिळत नाही. बाहेर राहत असाल, तर तो केंद्र सरकारच्या शहरवर्गवारीनुसार मिळतो: मुंबई-पुण्याला सर्वांत वरचा दर, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, नांदेडला मधला, लहान गावी खालचा. वसतिगृह दिलेलं नाही, असा दाखला रुजू होतानाच घेऊन ठेवा.

कंटिंजन्सीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. मानव्य व सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५००. विज्ञानाला १२,००० आणि मग २५,०००. पुस्तकं, रसायनं, टंकलेखन, क्षेत्रभेटीचा प्रवास यांसाठी ही रक्कम आहे, खुर्ची-टेबलासाठी नाही. बिल तुमच्या नावाचं, तारखेचं, दुकानाच्या जीएसटी क्रमांकाचं हवं. क्षेत्रभेटीला निघण्याआधी गाइडची लेखी परवानगी घ्या आणि एसटीची तिकिटं त्याच दिवशी झेरॉक्स करा, शाई महिन्याभरात उडते. बिलं मार्चच्या शेवटच्या आठवड्यासाठी साठवू नका, तेव्हा लेखा विभागात सगळ्यांचीच गर्दी असते.

दोन वर्षं पुरी होताना गाइड, विभागप्रमुख आणि बाहेरचे एक तज्ज्ञ अशी तिघांची समिती काम पाहते आणि एसआरएफची शिफारस करते. काम समाधानकारक नसेल, तर जेआरएफच्याच दराने आणखी एक वर्ष देऊन पुन्हा तपासणी होऊ शकते. बाहेरच्या तज्ज्ञांची तारीख मिळायला वेळ लागतो. त्यामुळे बाविसाव्या महिन्यातच अहवाल गाइडच्या टेबलावर पोचवा. प्रकाशित किंवा पाठवलेले निबंध, पूर्ण झालेली क्षेत्रभेट, तयार प्रकरणं असं सगळं त्यात मांडा. नुसतं ‘वाचन सुरू आहे’ लिहिलं की प्रश्न वाढतात.

जेआरएफ नसलेल्यांसाठी महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त घटकांसाठी. जाहिरात निघाली की अर्जाची मुदत थोडी असते. जातीचा दाखला, पीएच.डी.चं नोंदणीपत्र आणि संशोधनाचा मंजूर आराखडा आधीच स्कॅन करून ठेवा. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत. एक सुरू असताना दुसरी लागली, तर आधीच्या संस्थेला त्याच महिन्यात लेखी कळवा, नाहीतर दुबार रक्कम वसूल होते. तासिका तत्त्वावरच्या नोकरीचं मानधनही फेलोशिपसोबत चालत नाही.

पीएच.डी. सहा वर्षांपर्यंत चालू शकते, फेलोशिप मात्र पाच वर्षांनी किंवा प्रबंध जमा केल्यावर थांबते, जे आधी होईल ते. प्रबंधाची छपाई, बांधणी यांचा खर्च त्या सुमारासच येतो. शेवटच्या कंटिंजन्सीची बिलं आणि राहिलेल्या महिन्यांची हजेरी प्रबंध जमा करण्याच्या आधीच फेलोशिप विभागात देऊन पोच घ्या.