कुत्र्यासोबत महाबळेश्वर: खोलीचा आणि घाटाचा प्रश्न असा सुटला

‘पेट फ्रेंडली’ लिहिलेलं असलं तरी साताऱ्याहून निघण्याआधी हॉटेलवाल्याला फोन कराच. बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘कुत्रा अंगणात बांधा’ एवढाच निघतो. नेमकं विचारा: खोलीत झोपू देणार का, जादा भाडं किती, आवारात त्यांचा स्वतःचा कुत्रा मोकळा असतो का? हा शेवटचा प्रश्न सगळे विसरतात आणि भांडणं तिथंच जुंपतात. आपल्या कुत्र्याची जात, वजन आणि रेबीज लसीच्या नोंदीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून होकार लेखी घ्या. आपण पोचतो तेव्हा काउंटरवर भलताच माणूस बसलेला असतो. खोली तळमजल्यावरची, कडेची मागा.

मेढ्यावरून केळघर घाटाने जा नाहीतर वाईवरून पसरणीने, वळणं काही चुकत नाहीत. निघण्याआधी 3-4 तास कुत्र्याचं खाणं बंद, पाणी मात्र थोडं थोडं द्या. लाळ गळायला लागली, सारखा ओठ चाटायला लागला की उलटी जवळ आली समजा. रुंद जागा बघून गाडी थांबवा. सीटबेल्टला हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) अडकवा, गळपट्टा नको, ब्रेक लागला की मानेला हिसका बसतो. पॉइंटांवर माकडं असतात, तिथं दोरी आखूड धरा. पावसाळ्यात फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्यात जळवा आहेत का बघा.