नवा जोडलेला कॉम्प्युटर सुरू होत नाही? दोष असा शोधा

सगळे भाग बसवले, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. अशा वेळी सगळं सोडवून पुन्हा जोडायचा मोह होतो. तो आवरा. नव्या जोडणीत एखादा भाग मुळातच खराब निघणं तसं कमी. बहुतेकदा एखादी केबल अर्धवट बसलेली असते, रॅम खाचेत पुरती गेलेली नसते किंवा एखादी वायर भलत्याच पिनांवर असते. म्हणून आधी कॉम्प्युटर नेमका कुठपर्यंत येऊन अडतोय ते बघा, आणि मग एका वेळी एकच बदल करत चला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि कॉम्प्युटर चालू झाला, तर दोष कशात होता ते कळतच नाही.

आत हात घालण्यापूर्वी दर वेळी एसएमपीएसचं (सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचं) मागचं बटण बंद करा, प्लग काढा आणि कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला वीजभार उतरतो. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून मगच भागांना हात लावा. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागांमध्ये) विजेचा धोकादायक दाब शिल्लक असतो.

पंखासुद्धा हलत नाही

एसएमपीएसच्या मागच्या बटणावर उभी रेघ असलेली बाजू दाबलेली हवी. गोल म्हणजे बंद. बऱ्याच मदरबोर्डवर प्लग लावताच एखादा छोटा दिवा लागतो. तो लागला असेल तर ५ व्होल्टचा स्टँडबाय (कॉम्प्युटर बंद असतानाही चालू राहणारा) पुरवठा बोर्डापर्यंत येतोय, आणि संशय कॅबिनेटच्या बटणावर जातो.

या बटणाची दोन छिद्रांची बारीक टोपी बोर्डाच्या खालच्या कडेच्या पिनांवर बसते. शेजारीच रीसेट आणि दिव्यांच्या पिना असतात, त्यामुळे एक घर चुकणं सहज होतं. मॅन्युअलमधली आकृती समोर ठेवूनच ती बसवा. बटणाची टोपी उलटी बसली तरी चालते. दिव्यांच्या टोप्यांना मात्र अधिक-उणे असतं. खात्री करायची असेल तर टोपी काढा आणि पॉवरच्या त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. कॉम्प्युटर चालू झाला तर बोर्ड ठीक, दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत. तात्पुरती रीसेटची टोपी तिथे लावून काम भागतं.

आता मोठ्या केबल. २४ पिनांची केबल शेवटचे दोन-तीन मिलिमीटर घट्ट जाते आणि तिथेच ती अर्धवट राहते. खिट्टी बोर्डाच्या कंगोऱ्यावर अडकल्याचा आवाज यायला हवा. प्रोसेसरची ८ पिनांची केबल वरच्या कोपऱ्यात लागते. ती ४ अधिक ४ अशी दोन तुकड्यांची असते, तर ग्राफिक्स कार्डाची ६ अधिक २ अशी. दोन्ही सारख्या दिसतात, पण छिद्रांचा आकार वेगळा असतो, म्हणून जोर लावून बसवू नका. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस असेल तर त्याच्याच डब्यातल्या केबल वापरा. दुसऱ्या कंपनीची केबल चपखल बसते, पण एसएमपीएसच्या टोकाला वायरींचा क्रम वेगळा असू शकतो आणि त्यात ड्राइव्ह किंवा बोर्ड जळतो.

एसएमपीएस एकटा तपासायचा असेल तर तो बंद करून सगळ्या केबल सोडवा. २४ पिनांच्या केबलमधली १६ नंबरची पिन आणि शेजारची १७ नंबरची पिन वायरच्या तुकड्याने जोडा, मग एसएमपीएस चालू करा. वायरी रंगीत असतील तर १६ हिरवी आणि १७ काळी असते. सगळ्या काळ्या असतील तर पिनांची आकृती बघूनच नंबर ठरवा. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान सुरू तरी होतोय. भार पेलतो की नाही हे यातून कळत नाही. कमी भारावर पंखा बंदच ठेवणारे एसएमपीएसही असतात, तिथे मल्टिमीटरने १२ व्होल्ट मोजावे लागतात.

क्षणभर फिरतो आणि थांबतो

हे सहसा शॉर्टचं, म्हणजे वीज भलत्याच ठिकाणी टेकल्याचं लक्षण. एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. मदरबोर्डखाली कॅबिनेटला पितळी आधार असतात. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा जास्तीचा आधार राहिला, तर तो बोर्डाच्या मागच्या डागांना (सोल्डरच्या ठिपक्यांना) टेकतो. खाली घरंगळलेला स्क्रू आणि पोर्टांभोवतीच्या मागच्या पत्र्याची यूएसबीच्या तोंडात शिरलेली जीभ हेही बघा.

सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवणं. चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, तिचा बाहेरचा थर वीजवाहक असू शकतो. प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि दोन पॉवर केबल एवढंच जोडा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही लावा. असा चालला तर दोष कॅबिनेटमधल्या बसवणीत आहे.

पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी

आधी थांबा. डीडीआर५ रॅम असेल तर बोर्ड पहिल्या वेळी रॅमची वेळ जुळवून घेतो. त्यात काही मिनिटं जातात आणि मधे कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालूही होऊ शकतो. निदान दहा-पंधरा मिनिटं द्या. घाईने प्लग काढला तर ते सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला आहे ना? ती बोर्डाला लावणं ही फार नेहमीची चूक आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ असतो त्यांच्यात ग्राफिक्स नसतंच.

मग बोर्डावरचे चार तपासणी दिवे शोधा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज सुरू होणारी ड्राइव्ह). चालू होताना ते एकामागोमाग लागतात आणि विझतात. जो लागून राहतो, तिथे गाडी अडली आहे.

डीरॅमचा दिवा असेल तर दोन्ही रॅम काढा आणि एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. दोनच रॅम असतील तर चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. रॅमची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवा, दोन अंगठे दोन टोकांवर ठेवा आणि सरळ खाली दाबा. बोर्ड किंचित वाकल्यासारखा वाटेल इतका जोर लागतो. खिट्ट्या आपोआप मिटायला हव्यात. बोटाने मिटवलेली खिट्टी म्हणजे रॅम बसली असं नाही. काही बोर्डांना एकाच टोकाला खिट्टी असते, तिथे दुसरं टोक वर राहून जातं. सोनेरी पट्टी कुठे कमी, कुठे जास्त दिसतेय का ते बाजूने बघा. रॅम नीट असूनही एखादा स्लॉट ओळखला जात नसेल, तर कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळलेले नाहीत ना ते तपासा. त्या दाबाने प्रोसेसरच्या पिनांचा संपर्क बिघडतो.

सीपीयूचा दिवा असेल तर आधी ८ पिनांची केबल, मग बायोसची (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती बघा. बी४५० बोर्डावर रायझन ५००० किंवा बी६६० वर तेराव्या पिढीचा इंटेल लावला आणि बायोस जुना असला, तर बोर्ड प्रोसेसर ओळखतच नाही. फ्लॅशबॅकची (कॉम्प्युटर चालू न करता बायोस बदलण्याची) सोय असेल तर फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर बायोसची नवी फाइल मॅन्युअलमधल्या नावाने ठेवा, खूण केलेल्या यूएसबीत लावा आणि बोर्डाला वीज देऊन बटण दाबून धरा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज तोडू नका. बायोस ठीक असेल तर शेवटी प्रोसेसर काढून पिना बघा. टॉर्च तिरपी धरली की वाकलेली पिन ओळीतून वेगळी चमकते.

व्हीजीएचा दिवा असेल तर कार्ड काढून पुन्हा बसवा आणि त्याच्या पॉवर केबल पूर्ण आत गेल्यात ना ते बघा.

कुठलाच दिवा नसेल तर वीज काढून बोर्डावरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा. बायोसची सेटिंग मूळपदावर येतात.

बायोस येतं, विंडोज येत नाही

ड्राइव्ह कोरी असेल तर बूट होण्यासारखं काही सापडलं नाही हा संदेश येणारच. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावा. बायोसमध्येच ड्राइव्ह दिसत नसेल तर एम.२ ची पट्टी (थेट बोर्डावर बसणारी ड्राइव्ह) तिरकी आत सारून स्क्रूने दाबली आहे का ते बघा. काही एम.२ स्लॉट वापरले की एखादा साटा पोर्ट (केबलने ड्राइव्ह जोडायची जागा) बंद होतो, तो तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. बायोसमध्ये ड्राइव्ह दिसते पण इन्स्टॉलरमध्ये नाही, असं इंटेलच्या बोर्डावर झालं तर बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची ड्राइव्ह हाताळायची सोय) चालू आहे का ते तपासा. ते बंद करा, नाहीतर इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर द्या. सुरू होताना स्क्रीनवर पंख्याची चूक दिसत असेल तर कूलरची वायर सीपीयू फॅनच्या पिनांवर न लावता दुसरीकडे लावलेली असते.

एवढं करूनही मोजक्या भागांवर कॉम्प्युटर उठत नसेल, तर चालू असल्याची खात्री असलेला एसएमपीएस लावून बघा, मग तशीच रॅम. बोर्ड आणि प्रोसेसर यांच्यावर संशय शेवटी घ्या. उठला, तर काढलेले भाग एकेक करून परत जोडा आणि प्रत्येक वेळी चालू करून बघा. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो सगळ्यात शेवटी चालू करा.