ऑनलाइन परिषदेत चॅट वेळीच सेव्ह करा
दूरशिक्षणावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं वेळापत्रक बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, किंवा आयोजकांच्या स्थानिक वेळेत असतं. आपल्या वेळेचा हिशेब बोटांवर नको. काही देशांत मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास घड्याळ तासभर सरकतं, आणि सत्र हुकतं. कॅलेंडरमध्ये जोडायचं बटण दिलं असेल तर तेच वापरा.

रेकॉर्डिंग नंतर मिळेलही, पण त्यात चॅट असेलच असं नाही; आणि ॲपची नावं, पाठ-आराखड्यांच्या लिंक, म्हणजे खरा ऐवज, तिथेच असतो. बाहेर पडलं की तो बऱ्याचदा गेलाच. झूममध्ये सत्र संपण्याच्या पाचेक मिनिटं आधी चॅटमधल्या तीन टिंबांवर क्लिक करून सेव्ह करा. आयोजकांनी सोय बंद ठेवली असेल तर निदान लिंक कॉपी करून घ्या. प्रश्न मात्र प्रश्नोत्तरांच्या वेगळ्या चौकटीतच टाका, चॅटच्या गर्दीत तो वाहून जातो.